‘होय’ या उत्तराची चोरी : हुंडीच्या कागदापासून कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यापर्यंत

१/
शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार असल्याने देशभरातील बँकांना सुट्टी होती. पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेचे कामकाज बंद होते, तशीच खानदेशातील मुक्ताईनगरच्या बाजारपेठेतील बँकांचीही शटरे खाली होती. त्याच दिवशी जगभरातील २८ देशांतील एटीएम यंत्रांतून कॉसमॉस बँकेचा पैसा बाहेर पडत होता. सोमवार मावळेपर्यंत बँकेने ९४ कोटी ४२ लाख रुपये गमावले होते. एकही कुलूप तुटले नव्हते आणि कोणा पहारेकऱ्याला कसली चाहूलही लागली नव्हती.

२/
बँकांवरील सायबर हल्ल्यांची नावे पुष्कळ आहेत : मालवेअर, फिशिंग, सिम स्वॅप, रॅन्समवेअर. नावांच्या या गर्दीत मूळ गोष्ट हरवते. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यापूर्वी कोणीतरी ‘होय, द्या’ असे म्हणावे लागते. हा होकार कोणाचा आणि तो खरा आहे हे ओळखायचे कसे, हा सावकारीइतकाच जुना प्रश्न आहे. आजचा चोर तिजोरीच्या वाटेला जात नाही. तो या होकाराची नक्कल करतो.

३/
हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद. तापी आणि पूर्णा यांचा संगम जवळच चांगदेवला होतो आणि इथून वाट बऱ्हाणपूरकडे जाते. मुघल काळात बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे आणि कापडाची मोठी पेठ होती. अशा पेठांमधून रोख नाण्यांच्या थैल्या घेऊन फिरणे जोखमीचे होते. वाटमारीची भीती होती आणि नाण्यांचे वजनही होतेच. म्हणून व्यापाऱ्यांचा पैसा कागदावरून प्रवास करू लागला. तो कागद म्हणजे हुंडी.

४/
हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला दिलेला लेखी आदेश : अमक्याला इतके रुपये द्यावेत. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनी मिळत ती मुदती हुंडी. व्यापारी एका पेढीवर रक्कम भरी, हुंडी घेई आणि शेकडो कोसांवर ती वटवी. रुपये जागचे हलत नसत. हलत असे तो फक्त शब्द. मग खोट्या शब्दापासून संरक्षण कसे करायचे?

५/
यासाठी पेढ्यांनी बारकाईने व्यवस्था बसवली होती. हुंडीवर रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहीतच, शिवाय ‘निम्मे इतके, त्याची दुप्पट’ अशीही लिहीत, म्हणजे एखादे शून्य वाढवून भागत नसे. हुंडी काढल्याची सूचना देणारे वेगळे पत्र वटवणाऱ्या पेढीकडे जाई. हुंडी हरवली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत निघे, तीही हरवली तर ‘परपेठ’. एकदा वटलेली हुंडी ‘खोखा’ होई आणि जपून ठेवली जाई.

६/
यातला सर्वांत मोलाचा प्रकार म्हणजे ‘शाहजोग’ हुंडी. ती बाजारात पत असलेल्या ‘शाह’ व्यापाऱ्यालाच वटवता येई. कोणी अनोळखी माणूस ती घेऊन आला, तर त्याला आधी अशा प्रतिष्ठित व्यापाऱ्याचा आधार शोधावा लागे. पुढे हुंडी बनावट निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शाहावर येई. ओळख पटवणे ही केवळ औपचारिकता नव्हती. ज्याने ओळख दिली, त्याचाच खिसा त्यात गुंतलेला असे.

७/
हुंडीच्या सुरक्षिततेचे तीन आधार होते.
पहिला, ओळख : होकार देणारा व घेणारा दोघेही माहितीतले.
दुसरा, वेगळ्या वाटेने खातरजमा : हुंडी एका वाटेने येई, सूचनापत्र दुसऱ्या वाटेने.
तिसरा, उसंत : कागद पोचायला दिवस लागत, शंका घ्यायला वेळ मिळे.
आधुनिक बँकांवरील प्रत्येक मोठ्या हल्ल्यात या तिघांपैकी एखादा आधार निखळलेला दिसतो.

८/
१९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, पुण्यात कॉसमॉस बँकेची स्थापना झाली. सहकारी चळवळीची सारी भिस्त पहिल्या आधारावर, म्हणजे ओळखीवर होती. सभासद एकमेकांना जाणत, कर्जदाराचे घर ठाऊक असे आणि सही ओळखीची असे. महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत सहकारी बँका आणि पतपेढ्या उभ्या राहिल्या, त्या याच विश्वासावर.

९/
पुढे यंत्रे आली. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये शिफारशी केल्या. देशातले पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत सुरू झाले. त्यानंतर शाखाशाखांतील जाडजूड खातेवह्या जाऊन ‘कोअर बँकिंग’ आले आणि सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकप्रणालीत गेली. २००८ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळ स्थापन झाले, २०१२ मध्ये रूपे कार्ड आले आणि २०१६ मध्ये यूपीआय. पैशाचा होकार आता क्षणात मिळू लागला आणि तो देणारा माणूस मधून निघून गेला.

१०/
एटीएममधून पैसे काढताना नेमके काय घडते? यंत्र कार्ड वाचते. मागणी व्हिसा किंवा रूपेसारख्या जाळ्यातून ग्राहकाच्या बँकेकडे जाते. बँकेच्या दाराशी ‘स्विच’ नावाची प्रणाली असते. ती कोअर बँकिंगला विचारते : हे खाते खरे आहे का? शिल्लक आहे का? उत्तर ‘होय’ आले की ते त्याच वाटेने परत जाते आणि यंत्र नोटा मोजते. समोरच्या यंत्राला खात्यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त उत्तर ऐकू येते.

११/
कॉसमॉसवरील हल्लेखोरांनी नेमकी हीच जागा हेरली. मालवेअरच्या साहाय्याने त्यांनी बँकेच्या खऱ्या स्विचऐवजी उत्तरे देणारा एक बनावट, म्हणजे ‘प्रॉक्सी’ स्विच उभा केला. बनावट कार्डांवरून आलेल्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत. त्या मधल्यामध्ये अडवून परस्पर ‘होय’ असे उत्तर दिले गेले. हुंडीच्या भाषेत सांगायचे, तर पेढीच्या दारात तोतया मुनीम बसला होता आणि आतल्या खऱ्या मुनिमाला कोणी काही विचारतच नव्हते.

१२/
काही तासांत सुमारे १५ हजार व्यवहार झाले. परदेशांत व्हिसा कार्डांवरून सुमारे १२ हजार व्यवहारांतून ७८ कोटी रुपये गेले. भारतात रूपे कार्डांवरून अडीच कोटी गेले. देशातील ही रोकड कोल्हापूर, मुंबई, इंदूर अशा शहरांतील एटीएममधून काढली गेली. यंत्रांसमोर उभे राहायला माणसे लागली आणि त्यांच्या हातात नक्कल केलेली कार्डे होती. कार्डामागच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरील माहिती उतरवून घेणे सोपे असते. चिपची नक्कल तितकी सहज होत नाही.

१३/
सोमवारी, १३ ऑगस्टला, दुसरा घाव बसला. आंतरराष्ट्रीय बँकांमधील संदेशव्यवस्थेला ‘स्विफ्ट’ म्हणतात. तिच्यावरून पैसा जात नाही, पैसा देण्याचा आदेश जातो. एका अर्थी ती जगातील बँकांची हुंडीच. या व्यवस्थेतून बनावट संदेश पाठवून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील हँग सेंग बँकेतील एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. शनिवारी एटीएम आणि सोमवारी स्विफ्ट : दोन वेगळ्या वाटा, पण युक्ती तीच. होकार खोटा होता आणि ऐकणाऱ्याने तो खरा मानला.

१४/
या युक्तीचा पूर्वेतिहास ढाक्यात सापडतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रणालीत शिरून चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला स्विफ्टवरून ३५ आदेश पाठवले. एकूण रक्कम सुमारे ९५ कोटी डॉलर होती. त्यांपैकी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समधील मनिला महानगरात पोचले आणि त्यातला मोठा भाग तिथल्या कॅसिनोंमध्ये जिरला. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र परत मिळाले. त्या आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि मधल्या बँकेतील माणसांना शंका आली.

१५/
चोरांनी दिवसही मोजूनमापून निवडले होते. गुरुवारी रात्री आदेश गेले. शुक्रवार-शनिवार ढाक्यात सुट्टी, रविवारी न्यूयॉर्क बंद, सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिलात सुट्टी. शिवाय आलेले-गेलेले संदेश आपोआप कागदावर छापणारा ढाक्यातील प्रिंटर त्यांनी बंद पाडला होता. तो छापील कागद म्हणजे हुंडीचे सूचनापत्र, खातरजमेची दुसरी वाट. फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूतील सिटी युनियन बँकेवर असाच हल्ला झाला. तिथेही प्रिंटर बंद पाडलेला आढळला.

१६/
पुण्यातला हल्लाही दुसऱ्या शनिवारी झाला, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने बँकांना गोपनीय इशारा दिला होता की, नक्कल केलेली कार्डे वापरून जगभरातील एटीएम एकाच वेळी रिकामी करण्याचा बेत शिजतो आहे. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. यंत्रांतून रोकड काढणारे हात सापडले, त्यांना दुरून हलवणारे सापडले नाहीत.

१७/
कॉसमॉसच्या दोन वर्षे आधी एक वेगळा इशारा मिळाला होता. २०१६ मध्ये बँकांची एटीएम चालवणाऱ्या एका सेवा कंपनीच्या प्रणालीत मालवेअर शिरले. त्यामुळे देशातील विविध बँकांची सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली आणि अनेक बँकांना कार्डे बदलून द्यावी लागली. बँकेचे स्वतःचे दार भक्कम असूनही शेजारचे दार उघडे असू शकते. आज कोणतीही बँक एकटी चालत नाही. तिची यंत्रे एका कंपनीची असतात, सॉफ्टवेअर दुसरीचे आणि जाळे तिसरीचे.

१८/
याचे सर्वांत बोलके उदाहरण ३१ जुलै २०२४ चे. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीशी निगडित प्रणालीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे प्रणालीतील माहितीला परके कुलूप लावून किल्लीसाठी खंडणी मागणे. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने या कंपनीला देयक जाळ्यापासून तोडले आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. इथे होकाराची चोरी झाली नव्हती, होकार मुका झाला होता.

१९/
बँकेची प्रणाली फोडणे अवघड जाते, तेव्हा चोर ग्राहकाकडे वळतात, कारण शेवटचा होकार त्याचाच असतो. बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल दाखवणे म्हणजे फिशिंग. फोनवरून अधिकारी असल्याची बतावणी करून ओटीपी काढून घेणे म्हणजे विशिंग. झारखंडातील जामताडा हे नाव यासाठीच देशभर पोचले. दुसऱ्याच्या मोबाइल क्रमांकाचे नवे सिम मिळवून त्याचे ओटीपी आपल्याकडे वळवणे म्हणजे सिम स्वॅप. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर पोलीस असल्याचे भासवून माणसाला तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवतात.

२०/
या सर्व प्रकारांत एक सूचना न चुकता दिली जाते : ‘लगेच करा, कोणाला सांगू नका.’ हुंडीच्या तीन आधारांशी ही सूचना ताडून पाहावी. ‘लगेच’ म्हणताना उसंत हिरावली जाते. ‘कोणाला सांगू नका’ म्हणताना खातरजमेची दुसरी वाट बंद होते. आणि बँक, पोलीस किंवा वीज मंडळाचे नाव घेताना ओळखीची नक्कल केली जाते. ढाक्यात प्रिंटर बंद पाडणारे आणि फोनवर घाई करणारे एकाच रीतीने काम करतात.

२१/
चोरलेला पैसा कुठेतरी उतरावा लागतो. त्यासाठी लागतात ती ‘म्यूल’, म्हणजे भाड्याची खाती. थोड्या पैशांच्या आमिषाने विद्यार्थी, बेरोजगार तरुण, मजूर आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. शाहजोग हुंडीत ज्याने ओळख दिली, त्याच्यावर भरपाई येई. आजही आपली ओळख भाड्याने देणारा गुन्ह्याच्या साखळीतील एक दुवा ठरतो आणि पोलीस सर्वांत आधी त्याच्याच दारात येतात.

२२/
या घटनांनंतर नियम कडक झाले. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली होती. नागरी सहकारी बँकांसाठी ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी आली. डिसेंबर २०१९ मध्ये बँकांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर ठरवण्यात आले. चुंबकीय पट्टीची कार्डे २०१८ अखेरपर्यंत बदलून चिपची कार्डे देण्याचा आदेश होताच. बनावट संकेतस्थळे ओळखता यावीत म्हणून २०२५ मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आला.

२३/
नुकसान कोणी सोसायचे, हा हुंडीच्या काळचाच प्रश्न. कॉसमॉस प्रकरणात ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नसल्याचे बँकेने सांगितले होते. तोटा बँकेचा होता. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्यानेच घात केला असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. पण ओटीपी किंवा पिन त्यानेच दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे. म्हणून बँकेला कळवणे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवणे, दोन्ही तातडीने व्हावे लागते. इथे उसंत चोराच्या पथ्यावर पडते.

२४/
एक गैरसमज दूर व्हायला हवा. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, तो बँक बुडाली किंवा तिच्यावर निर्बंध आले तर. फसवणुकीने खात्यातून गेलेल्या रकमेला तो लागू होत नाही. त्यामुळे ‘पैसे बँकेत आहेत, विमा आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहण्यासारखी स्थिती नाही.

२५/
आता पुन्हा मुक्ताईनगरकडे. इथल्या शेतकऱ्याच्या केळीचे आणि कापसाचे वर्षाचे पैसे एका दिवसात खात्यावर जमा होतात. त्यावर पीककर्जाची फेड, मुलांची फी आणि पुढचा हंगाम अवलंबून असतो. पुण्याच्या मोठ्या बँकेला ९४ कोटींचा फटका बसूनही ती उभी राहिली. तालुक्याच्या गावातील एखाद्या पतसंस्थेला किंवा एखाद्या घराला त्याच्या शतांश रकमेचा फटकाही पेलणार नाही. हल्ला मात्र लहान-मोठे पाहत नाही. जिथे दार सैल, तिथे तो शिरतो.

२६/
सहकारी बँकेचा सभासद हा तिचा मालकही असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर आणखी काही विचारण्याचा त्याला अधिकार आहे. बँकेची तंत्रसेवा कोण देते? रिझर्व्ह बँकेच्या चार स्तरांपैकी बँक कोणत्या स्तरात आहे? सुरक्षेची तपासणी शेवटची केव्हा झाली? सुट्टीच्या दिवशी असामान्य व्यवहारांवर नजर कोण ठेवते? कॉसमॉसवरील हल्ल्याच्या दिवशी या शेवटच्या प्रश्नाचे मोल ९४ कोटी रुपये होते.

२७/
हुंडी आज जवळजवळ नाहीशी झाली आहे. पेठ, परपेठ, खोखा हे शब्द कोशांत उरले. त्यांच्यामागचा व्यवहार मात्र अजून शिकण्यासारखा आहे. जुना सराफ हुंडी हातात घेई, अक्षर पाही, सूचनापत्राशी ताडून बघे, आणलेल्या माणसाला कोण ओळखतो ते विचारी आणि मगच थैलीची गाठ सोडी. मोबाइलच्या पडद्यावर पिन टाकण्यापूर्वीचे चार क्षण त्याच कामासाठी असतात.

(धागा समाप्त)